शंभराचे बासष्ट

मोठं म्हणावं असं खोटं मी आयुष्यात एकदाच बोललो, बाकीची सगळी किरकोळ होती. ते मोठं खोटं बरोबर शंभर वॅटचं होतं, आणि आमच्या राजुरीच्या घराच्या स्लॅबवर तीस फुटी लोखंडी पाइपाच्या रूपानं ते अजून उभं आहे.

मी हौशी रेडिओवाला. म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, स्वतः जुळवलेल्या सेटवरून हवेतून बोलणारा माणूस. खिशात मोबाइल असताना माणसानं परीक्षा देऊन का बोलावं, हे मला आजवर एकाही पाव्हण्याला पटवता आलेलं नाही, आणि आता मी तो नाद सोडलाय. रोज सकाळी साडेसातला आमची हजेरी भरते. हजेरी घेतात निमगाव सावाचे निवृत्त गणित-विज्ञानाचे गुरुजी. घोडेगावहून एक मोटर वायंडिंगवाला येतो. जळालेल्या पाणबुड्या मोटरी भरून देणं हा त्याचा धंदा आणि रेडिओ हा त्याचा छंद, पण गिऱ्हाइकांच्या मते उलटं आहे. लांबलांबचे चार-दोन जण डोकावतात. प्रत्येकानं दुसऱ्याचा आवाज कसा येतोय ते सांगायचं आणि आपण किती वॅटवर बोलतोय तेही सांगायचं. गुरुजी ते वहीत टिपतात.

आता आकडा सांगणं ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. लेण्याद्रीला जाणारा प्रत्येक जण पायऱ्या मोजत चढतो, आणि वर पोचल्यावर एका घरातल्या चौघांचे चार आकडे असतात, आणि चौघेही गणपतीसमोर शपथ घ्यायला तयार असतात. त्यातून बाजाराची सवय. गोणीमागं ठरावीक वजन कमी धरायचं, त्याला आमच्याकडं कडता म्हणतात. कागदावर ती चाल केव्हाच बंद झाली, पण डोक्यातून गेलेली नाही. घेणारा कडता कापणार हे देणाऱ्याला माहीत असतं, म्हणून देणारा आधीच चढवून सांगतो. देणारा चढवणार हे घेणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो मन घट्ट करून कापतो. ह्यात कोणी कोणाला फसवत नाही. फक्त सरळ आकडा सांगणारा तेवढा मरतो.

तर मी शंभर सांगत होतो.

त्याला कारण घरातलं होतं. पाइप उभा करायचा म्हणजे त्याला चार बाजूंनी तारांचे ताण द्यायचे, आणि स्लॅबवर तर कारभारणीचा हक्क. चैत्रात कांद्याच्या बियांचे गोंडे तिथंच वाळतात. आमच्याच घराच्या खालच्या खोलीत ती गावाचं दूध संकलन केंद्र चालवते. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधाची फॅट काढायची, चिठ्ठी द्यायची, आणि 'माझ्या म्हशीला एवढी कमी फॅट लागूच शकत न्हाई' हे ऐकून घ्यायचं. वीस वर्षांत तिचा माणसांवरचा विश्वास उडालाय आणि मशीनवरचा त्याच्याही आधी.

"किती ताकद हाय तुमच्या सेटची?" तिनं विचारलं होतं.

"शंभर वॅट," मी म्हणालो. "ह्या ताकदीला तीस फुटी पाइप लागतोच. शास्त्र आहे ते. खाली बांधला, तर केंद्रातलं दूध फाटेल."

"शंभर व्हतील?"

"एक कमी नाही."

"मग असं करा," ती म्हणाली, "एक जरी कमी निघाला, तर पाइप खाली. गोंडे माझे हायती, स्लॅब माझा हाय."

त्या दिवशी सेटची ताकद दाखवणाऱ्या माझ्या मीटरचा काटा ऐंशीच्या आसपास रेंगाळत होता. मीटरसोबत आलेल्या पत्रकात बारीक अक्षरात छापलं होतं की दोनशेच्या पट्टीवर वीस वॅट इकडंतिकडं होऊ शकतात. मी ती सगळी चूकभूल माझ्या बाजूनं धरली. मीटरच्या पाठीमागं एक छोटा स्क्रू असतो. कारभारीण वर यायच्या आत मी तो पाव आटा फिरवला, आणि ती आली तेव्हा काटा शंभरावर असा टेकला होता, जसा काही कारखान्यातूनच तिथं चिकटवून आलाय. तिनं बघितलं, मान हलवली आणि गेली. त्या पाव आट्यावर मी सात वर्षं काढली.

दुसरा काटाही माझ्या अभिमानाचा होता. सेटनं केबलमधून वर पाठवलेली शक्ती अँटेनानं सगळी घेतली, तर एसडब्ल्यूआर नावाचा आकडा एक येतो. तिला पचली नाही, की उरलेली परत खाली येते आणि आकडा वाढतो. लग्नघरी पाठवलेला आहेर किती ठेवून घेतला आणि किती माघारी आला, एवढाच त्याचा अर्थ. माझा एक पूर्णांक एक. माझा आहेर कोणी परत केला नाही, असं मी दोन तालुक्यांत सांगत फिरत होतो.

बिंग फुटलं ते वायंडिंगवाल्यामुळं. गेल्या माघात तो शेजाऱ्याची भरलेली मोटर द्यायला राजुरीत आला, तर पिशवीत मोटरीच्या पावतीबरोबर स्वतः बनवलेलं मीटर. डबा जुन्या स्टार्टरचा, काटा कुठल्याशा अँपिअर मीटरचा, आणि पट्टी हातानं, शिसपेन्सिलीनं आखलेली. बघून हसू यावं असं ते ध्यान. त्यानं ते माझ्या मीटरच्या पुढं लाइनीत जोडलं आणि मी बटण दाबलं.

माझं मीटर म्हणालं शंभर. त्याचं म्हणालं बासष्ट.

"भाऊ," तो म्हणाला, "बाकीचे अडतीस कुठं ठिवलेत?"

"तुझ्या डब्यात मावले नसतील."

"माझा डबा लई मोठा हाय. मोटरीचा स्टार्टर व्हता त्यात."

एसडब्ल्यूआर त्यानं दीड सांगितला. तेव्हा मी फोन करून गुरुजींना बोलावलं, कारण त्यांच्याकडं आकड्यांचं मीटर होतं. त्याला काटा नाही, नुसते लाल अंक. गुरुजी मोटारसायकलवर, मीटर स्वेटरात गुंडाळून, पोटाशी धरून आले. त्यांचं मीटर म्हणालं एक्क्याऐंशी पूर्णांक तीनशे सत्तेचाळीस.

"हे बरोबर," गुरुजी म्हणाले.

"कशावरून?"

"तीन दशांश स्थळं आहेत. चुकणारं मीटर एवढ्या खोलात जाईल का?"

ह्यावर तास गेला. एकच सेट, एकच तार, एकच मिनिट, आणि आकडे तीन. वायंडिंगवाला म्हणाला की माझ्या मीटरचा काटा मालकाचं तोंड बघून उठतो. गुरुजी म्हणाले की शिसपेन्सिलीनं आखलेल्या पट्टीला विज्ञान म्हणायचं असेल, तर त्यांच्या नातीची चित्रकलेची वही वेधशाळेत ठेवावी लागेल. मी म्हणालो की तिघांची सरासरी काढू, आणि सरासरीत माझं मीटर दोनदा धरू, कारण घर माझं आहे. आम्ही तिघंही हळू बोलतो असं नाही. आमचा आवाज खाली केंद्रात रांगेला उभ्या असलेल्या माणसांपर्यंत, विनापरवाना आणि विनाअँटेना, स्वच्छ पोचत होता.

रांगेत एक म्हातारा गवळी होता. आदल्याच दिवशी त्याची फॅट कमी लागली होती. त्यानं किटली काउंटरवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, तुमच्या घरातलंच मीटर अडतीसनं फुगल्यालं. मग ह्या मशीनचं आमी काय समजायचं?"

रांग हसली. कारभारीण हसली नाही. दूध आटोपल्यावर ती जिना चढून वर आली, तिन्ही मीटरांकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "ह्यातलं खरं कोणतं, ते आज कळलं पायजे. उद्या सकाळी मला रांगेत तोंड दाखवायचंय. आणि शंभर नसतील, तर पाइप आजच उतरायचा. पाव्हणं हायती तवर मनुष्यबळ पण हाय."

मी म्हणालो, "तीन मीटरं तीन सांगतात. चौथं आणलं तर चौथं सांगेल."

"मीटर कशाला पायजे?" ती म्हणाली. "ही ताकद कुठं जात आसंल ना? काय गरम व्हतं का तिनं?"

गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहिले. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेली गोष्ट, पण डोक्यात आली ती बाईच्या. डमी लोड नावाची एक वस्तू असते. ती अँटेनासारखी जोडायची, पण ती काहीच हवेत सोडत नाही, आलेली सगळी ताकद उष्णता करून टाकते. माझ्याकडं होता तसला लोड, रंगाच्या रिकाम्या डब्यात तेल भरून त्यात बुडवलेला. ठरलं असं की माझ्या सेटनं दहा मिनिटं तो डबा तापवायचा आणि तेल किती चढलं ते टिपायचं. मग डबा गार करायचा आणि तेच तेल लायटीच्या खऱ्या शंभर वॅटनं तितकंच तापवायचं. वायंडिंगवाल्याच्या गाडीत डिमरस्टॅट होता, मोटरी तपासायचा. त्याचा गोल कान फिरवला की पाहिजे तेवढा दाब मिळतो. लायटीचे व्होल्ट आणि अँपिअर मोजायला आम्हा तिघांकडं मिळून चार साधी मीटरं निघाली, आणि त्या चौघांचं एकमत होतं. तिथं भांडायला कोणाला जागा नव्हती.

"लायटीलापण दहा मिनिटं लागली," गुरुजींनी समजावलं, "तर ह्यांचे शंभर खरे. कमी लागली, तर तेवढे वॅट कमी."

थर्मामीटर केंद्रातलं आलं, दुधाचं. घड्याळ कारभारणीच्या हातात.

मी प्रामाणिक माणूस आहे, पण खांब तीस फुटी होता. डबा मी सहज उन्हात ठेवला. तिनं तो उचलून सावलीत ठेवला. मग सेटला मिळणाऱ्या विजेचा दाब थोडा वाढवावा म्हणून मी सेटच्या मागं हात घातला. "हात फुडं," ती म्हणाली. मग मी बटण दाबलं आणि चोवीस अंशावरचं तेल चढू लागलं. दहा मिनिटं माणसानं कधी तेलाकडं एवढ्या भक्तीनं बघितलं नसेल. मी मनातल्या मनात त्या तेलाला चुलीवर ठेवलं, कढवलं, त्यात भजी सोडली. दहा मिनिटं भरली तेव्हा पारा चाळिसावर होता.

डबा बादलीत गार व्हायला ठेवला. चहा झाला. वायंडिंगवाल्यानं चहा पिता पिता वर पाइपाकडं बघून नट किती नंबरचे आहेत ते विचारलं, आणि गाडीत त्या नंबरचा पाना असल्याचंही सांगून टाकलं. माणूस उपयोगी असतो, पण कधी असावं ते त्याला कळत नाही.

पारा पुन्हा चोवीसवर आला. लायट जोडली, चारही मीटरांनी शंभर वॅट मान्य केले, आणि कारभारणीनं घड्याळ सुरू केलं. चौथ्या मिनिटाला पारा चौतिसावर. मी गुरुजींना म्हणालो की लायटीची उष्णता जास्त गरम असते. त्यांनी माझ्याकडं तसं बघितलं जसं ते शाळेत खिडकीतून उडी मारणाऱ्याकडं बघत.

"चाळीस," कारभारीण म्हणाली आणि घड्याळ थांबवलं. "सहा मिंटं बारा सेकंद."

गुरुजींना कागद लागला नाही. "बासष्ट वॅट. बरोब्बर."

म्हणजे स्टार्टरच्या डब्यातलं शिसपेन्सिलीचं मीटर खरं. वायंडिंगवाला एवढा खूश झाला की त्याला धड बोलता येईना. गुरुजींनी आपलं तीन दशांशांचं मीटर हळूच स्वेटरात गुंडाळलं, जसं वर्गात पहिल्या आलेल्या पोरानं नापास पत्रक लपवावं. कारभारीण माझ्या मीटरपाशी गेली, ते उलटं केलं आणि पाठीमागच्या स्क्रूवरून अंगठा फिरवला. फॅटच्या मशीनचे स्क्रू ती रोज पुसते. फिरवलेला स्क्रू कसा दिसतो हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

मी पाइपाकडं बघत उभा होतो. सात वर्षं तो वाऱ्यात उभा होता. दोनदा वादळ आलं, एकदा आमच्या उसातला बिबट्या त्याच्या ताणाला पाठ घासून गेला म्हणतात, म्हणजे मीच म्हणतो, आणि तरी तो हलला नाही. आता पाव आट्यानं जाणार होता.

"आणू का पाना?" वायंडिंगवाला म्हणाला.

"थांबा, पाव्हणं," कारभारीण म्हणाली. मग गुरुजींकडं वळली. "गुरुजी, हे मला बघायला आले, तवा ह्यांनी धा म्हशी सांगितल्या व्हत्या. लगीन करून मी आले, तर गोठ्यात सहा निघाल्या. आन् एक पारडू."

गुरुजींनी बोटांवर हिशोब केला. "पारडू दोन दशांश धरलं, तर सहा पूर्णांक दोन," ते म्हणाले. "प्रमाण तेच आहे."

"मग?" ती म्हणाली. "ह्यांनी शंभर म्हटलं, तवाच मी साठ-बासष्ट धरले व्हते. तेवढ्याला पाइप लावायला दिला. माझं काय कमी आलं न्हाई."

मला एवढं हलकं वाटलं की मी तिथंच म्हशींचा खुलासा करायला लागलो, की चार म्हशी काकाच्या गोठ्यात होत्या आणि नात्यानं माझ्याच होत्या. तिनं हात वर केला.

"पाइप ऱ्हाईल. पण रांगेत माझी शोभा झाली ती न्हाई चालायची. उद्यापासून रोज सकाळी तुमी खरा आकडा सांगायचा. मी कॅन धुताना ऐकत आसते. ज्या दिवशी चढवून सांगाल, त्या दिवशी पाइप खाली."

गवळ्यालाही तिनं दुसऱ्या दिवशी काउंटरवर सगळं सांगितलं, माझ्या देखत. आमचं मीटर खोटं होतं, आम्ही तपासलं, खरा आकडा बासष्ट. गवळी म्हणाला, "मग माझी फॅट?" ती म्हणाली, "तुमची तीच ऱ्हाईल. ते मशीन मी पुसते, हे न्हाई."

त्याच सकाळी साडेसातला मी माइक उचलला. स्वयंपाकघरात कॅनवर घासणी फिरत होती.

"राजुरीहून," मी म्हणालो, "शक्ती बासष्ट वॅट."

गुरुजींकडून पेन्सिलीची खरखर ऐकू आली. "अडतीस पूर्णांक चव्वेचाळीस," ते म्हणाले. "पुढचे बोला."

मी विचारलं हे काय. गुरुजी शांतपणे म्हणाले, "काल आपण तुमचं प्रमाण काढलं. तुमचा आकडा गुणिले शून्य पूर्णांक बासष्ट. मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय."

"पण हा आकडा कापूनच सांगितलाय."

"असं प्रत्येक जण म्हणतो."

वायंडिंगवाला मध्ये पडेल असं वाटलं, तो तर साक्षीदार. तो म्हणाला, "गुरुजी, अडतीसच धरा. आवाज बी जरा कमीच वाटतोय आज." सेट तोच, तार तीच, पण लांबचे दोघे-तिघेही म्हणाले की होय, कालपेक्षा पडलाय. सात वर्षं खोटं बोलून मी बासष्ट वॅटचा मान मिळवला होता. एक दिवस खरं बोललो आणि अडतीसवर आलो. कॅनवरची घासणी मात्र समाधानानं फिरत होती.

दोन महिने मी हे सोसलं. मग चैत्र आला. कारभारीण गोंडे पसरायला स्लॅबवर गेली आणि आडवी आलेली केबल उचलून बाजूला ठेवताना तिथूनच तिनं हाक मारली. केबलच्या जोडातून काळं पाणी ठिबकत होतं. वरचं आवरण खारीनं कुरतडलेलं, आत पावसाळे साठलेले. वायंडिंगवाला त्या दिवशी जुन्नरला आला होता. तो शिसपेन्सिलीचं मीटर घेऊन आला आणि त्यानं ते ह्या वेळी सेटपाशी न जोडता केबलच्या वरच्या टोकाला, पाइपापाशी जोडलं. खालून बासष्ट सोडले. वर काटा थांबला अडतीसवर.

खाली जो एसडब्ल्यूआर दीड दिसायचा, तो वर पूर्ण दोन होता. म्हणजे माझा आहेर परत येत होता चांगलाच. फक्त जाताना आणि येताना दोन्ही वेळा केबल तो वाटेतच खात होती, आणि मी म्हणत होतो आमच्याकडं काही माघारी येत नाही.

"गुरुजींचं बरोबर व्हतं म्हणायचं," वायंडिंगवाला म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती.

कारभारीण गोंड्यांवरून हात फिरवत होती. "हवेत जातात किती मग?"

"अडतीस," मी म्हणालो.

"मग खरा आकडा अडतीस. उद्यापासून अडतीस सांगा."

मी मनात गुणाकार केला. अडतीस गुणिले शून्य पूर्णांक बासष्ट. तेवीस आणि वर थोडे. तेवीस वॅटचा माणूस म्हणून मला गुरुजींच्या वहीत जगायचं नव्हतं. त्याच दुपारी मी मंचरला जाऊन नवीकोरी जाड केबल आणली, गोंडे तुडवणार नाही अशी शपथ घेऊन स्लॅबवर चढलो, आणि संध्याकाळपर्यंत जोड करून त्यावर एवढी चिकटपट्टी गुंडाळली की खारीच्या पुढच्या सात पिढ्यांचे दात पडावेत. वायंडिंगवाल्यानं वरच्या टोकाला पुन्हा मोजलं. साठ. दोन वॅट नवी केबलही खाते, त्याला इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी माझा आवाज ऐकला आणि हजेरी मध्येच थांबवली.

"काय केलंत? आज तर तुम्ही माझ्या ओसरीवर बसून बोलताय असं वाटतंय. शक्ती किती?"

मी स्वयंपाकघराकडं बघितलं. कॅनवरची घासणी थांबली होती.

"साठ," मी म्हणालो.

पलीकडं पेन्सिल खरखरली. "सदतीस पूर्णांक दोन," गुरुजी म्हणाले. "लिहिलं."

आत घासणी पुन्हा फिरू लागली.